सात आणि आठ नंबरमधलं पुराचं दार

वीट पाण्यात बुडवून लावावी. कोरडी लावली की ती चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि चुना राखेसारखा भुगा होतो. बुडवल्यावर विटेतून बुडबुडे येतात, ते थांबले की वीट बाहेर काढायची. एवढं ज्याला जमलं त्याला अर्धं गवंडीकाम आलं. उरलेलं अर्धं म्हणजे ओळंबा धरणं आणि गिऱ्हाईकापुढं गप्प बसणं. गप्प बसणं मला लय चांगलं यायचं. आज त्याचंच लिहितोय.

वस्तीचा अंक काढणारी पोरं घरी आली तेव्हा त्यांना वाटलं, म्हातारा चुन्यात गूळ किती आणि हिरडा किती ते सांगेल. तेही सांगतो. चुना, वाळू आणि सुर्खी, म्हणजे विटेचा भुगा, बैलाच्या घाण्यात मळायचा. इतका मळायचा की थापीवरून लोण्यासारखा सुटला पाहिजे. गुळाचं पाणी अंदाजानं. अंदाज कुणी शिकवत नसतं, चुकून चुकून येतो. औंधाकडच्या एका वस्तादाच्या हाताखाली मी हे शिकलो. मग कोयनेच्या वसाहतीत सिमेंटची कामं केली. भूकंपात तिथली आमची खोली पडली तसा बायकोला घेऊन सांगलीला आलो. मूळ गाव उंब्रजच्या अलीकडं. छप्पन साली आमच्या वाडीनं धम्म घेतला तेव्हा मी मिसरूड फुटलेला गडी होतो. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा शुद्धलेखनाचं कुणी मनावर घेऊ नये.

बायकोचं नाव अनसा. मी थर लावायचा आणि तिनं चुन्याची पाटी आणून द्यायची, असं आमचं आयुष्य गेलं. गेल्या उन्हाळ्यात ती वारली. हे जे मी लिहितोय ते तिच्यादेखत लिहायला पाहिजे होतं. ती असती तर मधेच म्हणाली असती, "आवं, सरळ लिवा की, उगं माती कशाला मळताय?" तर सरळ लिहितो.

नदीच्या अंगाला विटांची एक ओळ होती. बारा घरं एकमेकांना चिकटून, समोर एकच लांब ओसरी, आणि ओसरीला बारा कमानी. संस्थानच्या दिवसांत कारकुनांना राहायला बांधलेली. कुणी बांधली त्याचं नाव ओळीतल्या कुणाला माहीत नव्हतं. भिंतीला बाहेरून गिलावा नव्हता, नुसती वीट. वीट पातळ, शाळेच्या पुस्तकाएवढी जाड, आणि तेवढाच जाड चुन्याचा सांधा. संध्याकाळचं ऊन पडलं की सगळी ओळ भाजलेल्या भाकरीच्या रंगाची दिसायची. भूकंपात आमची कोयनेची नवी खोली गेली आणि या म्हातारीची फक्त दोन-चार कौलं हलली. का, तर चुना थोडा वाकतो. सिमेंट वाकत नाही, तडकतं.

या ओळीची किरकोळ दुरुस्ती पुढं माझ्याकडंच आली. नमुने लय बघितले. एकानं नवीन कपाट घेतलं आणि ते दारातून जाईना, तर म्हणाला कमानीचा खांब जरा तासा. मी म्हटलं, कपाट तासतो. दुसऱ्याला रेडिओ ठेवायला कोनाडा पाहिजे होता, पण शेजाऱ्याला बातम्या फुकट ऐकू जाऊ नयेत अशा बेतानं. मधली भिंत हातभर जाड होती, तरी रोज संध्याकाळी हा कान लावून बघायचा की पलीकडचा ऐकतोय का. असली माणसं. त्यांच्यामुळं दिवस मजेत जायचा.

पण ओळीची खरी करामत जमिनीजवळ होती. घराचा उंबरा एका अखंड दगडाचा, मांडीला लागेल एवढा उंच. तो ओलांडून आत दोन पायऱ्या उतरायच्या. म्हणजे लहानसहान पूर बाहेरच थोपायचा. मोठा आला की पाणी उंबऱ्यावरून आत येणारच, आणि मग ते बाहेर जाणार कसं? त्यासाठी दोन घरांमधल्या प्रत्येक भिंतीत तळाशी एक छोटी कमान ठेवली होती. तिला पुराचं दार म्हणायचे. दार नावालाच, मांजर वाकून जाईल एवढं. एरवी त्याच्या दोन्ही तोंडांवर फरशीचा एकेक तुकडा खाचेत सरकवून ठेवायचा. पूर येणार असं दिसलं की ओळीतली माणसं सगळे तुकडे उचलायची आणि मग वरच्या शाळेत राहायला जायची. एक नंबरपासून बारा नंबरपर्यंत प्रत्येक घराची जमीन मागच्यापेक्षा बोटभर खाली. त्यामुळं पूर ओसरताना पाणी घराघरातून पुढं सरकत बारा नंबरातून ओढ्याला जायचं. कुठल्याच भिंतीवर एका बाजूनं भार नाही.

त्याची एक रीत पण होती. पाणी उतरल्यावर एक नंबरच्या माणसांनी खराटा धरायचा, आपला गाळ दोनमध्ये ढकलायचा, मग दोघांनी मिळून तीनमध्ये. असं करत करत शेवटी सगळी ओळ बारा नंबरात जमायची, कारण सगळ्यांचा गाळ तिथं. त्या दिवशी बारा नंबरवाल्यांनी चूल पेटवायची नाही, जेवण ओळीनं द्यायचं. मी सांगलीत आलो त्या साली पुरानंतर हे डोळ्यानं पाहिलं होतं. कारकुनांच्या बायका पदर खोचून दुसऱ्याच्या घरातला गाळ ढकलत होत्या आणि हसत होत्या. अनसा मला म्हणाली होती, "बांधणारा लय शाना हुता बगा. घरं बांधली न्हाईत त्यानं, शेजार बांधलाय."

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. नदीत वाळू उघडी पडली. पूर हा शब्दच माणसं विसरली.

त्याच सुमारास सात नंबरात कांबळे नावाचे कारकून भाड्यानं राहायला आले. सरकारी कचेरीत होते, आमच्यातलेच. घराचा मालक पुण्याला, त्यानं नोकरी बघून जागा दिली. ओळ कारकुनांसाठी बांधलेली, आणि आला तोही कारकूनच. पण ओळीत कुजबूज सुरू झाली. आठ नंबरात एक काकू राहायच्या. घर त्यांचं स्वतःचं. नवरा वारलेला, मुलगा आणि सून सोबत. वाईट बाई नव्हत्या. माझं काम असलं की चहा पाठवायच्या. माझा कप ओसरीच्या खांबाच्या कोनाड्यात वेगळा असायचा. तो मीच उचलायचा, मीच धुवायचा आणि मीच परत ठेवायचा. इतकी वर्षं तसं चाललं होतं की त्यात काही आहे हे मला वाटायचंच बंद झालं होतं. अनसा मात्र त्या ओसरीवर कधी चहा प्यायली नाही. "मला पित्त हुतंय," म्हणायची. तिला पित्तबित्त काही नव्हतं.

एक दिवस मी कौलं चाळून खाली उतरलो तर काकू ओसरीवर आल्या. अनसा फुटकी कौलं पाटीत भरत होती.

"भिवा, एक छोटंसं काम होतं. सांगायला जरा अवघड वाटतंय."

"सांगा की काकू."

"आमच्याकडं ते पुराचं दार आहे ना, साताकडचं. ते पक्कं बुजवून टाक. उंदीर येतात."

अनसा कौलं भरता भरता म्हणाली, "उंदीर साताकडनंच येत्यात व्हय काकू? नवाकडच्या दारातनं येत न्हाईत?"

"तू आपलं काम कर ना गं. मी मिस्त्रींशी बोलतेय."

"मी बी मिस्त्रीच्याच कामावर हाय की."

मी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. काकूंनी आवाज खाली केला. "तुझ्यापासून काय लपवायचं. त्यांच्याकडं फरशी धुतली की पाणी पाझरतं इकडं. त्याच भिंतीला आमचं देवघर आहे. आता तुमचं वेगळं. तुम्ही किती वर्षांचे आमचे. तुम्हाला सगळं समजतं."

तुमचं वेगळं. हे ऐकून मी फुगलो. ही खरी गोष्ट आहे. आज लिहिताना मान खाली जाते, पण त्या वेळी मला वाटलं होतं, बघा, एवढी मोठी बाई आपल्याला आपलं म्हणते. आणि लाज कुणाची वाटली? अनसाची. अडाणी बाई, चारचौघांत कसं बोलावं कळत नाही, असं वाटलं.

घरी येऊन मी तिला बोललो. ती भाकरी थापत होती.

"काय गरज हुती मधी तोंड घालायची? लाज काढलीस माझी."

"तुमास्नी लाज हाय हे आजच कळालं."

"काम हाय ते. त्यांचं घर, त्यांची भिंत. आपुन कोण इचारणार?"

"निम्मी भिंत साताची हाय." तिनं भाकरी उलटली. "आन् मला एक सांगा. सहा घरांचं पानी सातात येतंय, ते कांबळ्यास्नी चालतंय. सातातलं आठात गेलं तर देव बाटतोय. मग तुमच्या हातचा चुना देवाच्या भिंतीला कसा चालतोय?"

मी म्हटलं, "पोट हाय आपलं."

"पोटाला काय काम कमी पडलंय का?"

काम कमी नव्हतं. हातात आणखी दोन घरं होती. काकूंना नाही म्हटलं असतं तर आमची चूल विझली नसती. म्हणजे पोटाची पण सबब मला नाही. आणि पुराचं? पुराचं ठाऊक होतं. भिंत एका बाजूनं भिजली तर काय होतं हे गवंड्याला कुणी सांगावं लागत नाही. पण बाहेर नदीत वाळू उडत होती. म्हटलं, पूर कुठला येतोय आता.

ती म्हणाली, "म्या येनार न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी डोक्यावर घेऊन माझ्या मागून चालत आली. एक अक्षर बोलली नाही. मी गप्प बसलेला जगाला चालतो. ती गप्प बसली की मला सुधरायचं नाही.

काकूंना पक्कं पाहिजे होतं म्हणून त्यांच्या मुलानं कुठून तरी सिमेंट पैदा केलं होतं. त्या काळात सिमेंट मिळणं म्हणजे लॉटरी लागणं. मी देवघराच्या खाली बसलो, फरशीचा तुकडा खाचेतून काढून बाजूला ठेवला आणि विटा रचायला लागलो. एक थर झाला. थापीचा आवाज पलीकडं गेला असणार. पलीकडच्या बाजूची फरशी सरकली आणि कांबळ्यांच्या मंडळींचं तोंड दिसलं. आमच्या वस्तीतल्या विहारात यायच्या, ओळखीच्या होत्या.

"अगंबाई, भिवादादा व्हय! जयभीम. काय करताय?"

मी म्हटलं, "जयभीम वहिनी. काकूंच्याकडं उंदीर येत्यात. बुजवतोय."

"आमच्याकडं बी लय झाल्यात. बरं झालं. आनसाबाई हाय का संगं? थांबा, च्या टाकलाय आत्ताच."

आणि त्या बाईनं जमिनीला गुडघे टेकून त्या दारातून चहाचे दोन ग्लास इकडं सरकवले. स्टीलचे, पदरानं पुसून. मी एक घेतला. अनसानं दुसरा घेतला. पित्ताचं काही म्हणाली नाही. तिनं चहा पिऊन ग्लास माझ्या हातात दिला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी दोन्ही ग्लास परत आत सरकवले आणि वीट लावली.

सफाई अशी केली की सांधा कुठं आहे ते बोटानं चाचपून कळू नये. काकूंच्या मुलानं टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "वा मिस्त्री!"

पाऊस फिरून यायचा तसा आला. दोन-तीन पावसाळे नीट झाले आणि एका श्रावणात नदी रात्रंदिवस फुगत चालली. ओळीतल्या माणसांनी रीतीप्रमाणं फरशा उचलल्या आणि शाळेत गेली. सात-आठच्या मधलं दार उचलायला नव्हतंच. तिथं कुणी लक्ष पण दिलं नाही.

पाणी उतरल्यावर सकाळी कांबळे स्वतः सायकल मारत आमच्या वस्तीवर आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात.

"मिस्त्री, लवकर चला. आमची आणि काकूंची मधली भिंत फुगलीय."

मी पहार आणि छिन्नी घेतली. अनसा हातातलं टाकून निघाली. गेलो तर जे व्हायचं तेच झालेलं. आठ ते बारा नंबर रिकामे, नुसता चिखल. आणि एक ते सात, सगळी दारं एकमेकांना उघडी असल्यामुळं, सातही घरांत कमरेइतकं पाणी. पुढं जायला वाट नाही. माणसं उंबऱ्यावरून बादल्यांनी उपसत होती, पण सात घरांचा एक तलाव झालेला, बादलीनं काय होणार. आणि तो सगळा तलाव त्या एका भिंतीला टेकलेला. भिंत रात्रभर पाणी पीत होती. आठ नंबरात जाऊन पाहिलं तर भिंतीला गरोदर बाईसारखं पोट आलेलं. देवघराच्या कोनाड्यातून बोटभर भेग गेलेली. वर तुळया दोन्ही घरांच्या, दोन्हीकडून त्याच भिंतीवर टेकलेल्या. ती बसली असती तर दोन्ही घरं एकदम बसणार होती.

कांबळ्यांच्या मंडळी पाण्यात उभ्या राहून सामान माळ्यावर टाकत होत्या. मी ओरडलो, "वहिनी, भायेर या आदी!"

मग मी पहार धरून काकूंपुढं उभा राहिलो. आणि काय म्हणालो? म्हणालो, "काकू, फोडू का?"

भिंत पडायला आली होती आणि मी परवानगी मागत होतो.

काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणाल्या, "अरे थांब, उपसतायत ना ते. त्यांचं सगळं पाणी माझ्या देवांखालून नको रे सोडू. ह्यासाठीच तर बुजवून घेतलं होतं."

हे ओळीतल्या सगळ्यांच्या समोर. ओसरीवर माणसं उभी होती. कांबळे होते. वहिनी बाहेर येऊन उंबऱ्यापाशी थांबल्या होत्या, ओल्या लुगड्यात. त्यांनी काकूंकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"उंदीर म्हनाला हुता, भिवादादा," एवढंच बोलल्या.

मी तसाच उभा. अनसानं माझ्या हातातली पहार ओढून घेतली. "ह्ये बगा काकू, देव तुमचं हायत, तुमी हातात घ्या. भित मी घेते," असं म्हणून ती सात नंबरात उतरली. पाणी तिच्या कमरेला. भिंतीपाशी जाऊन खाली बसली, पाणी गळ्यापर्यंत आलं, आणि हातानं ते बुजवलेलं दार चाचपून तिनं पहार हाणली.

फुटेना. माझं काम होतं ते. सिमेंटचं, पक्कं. तिचा घाव बसला की दार हलायचं नाही, भिंत हलायची. वरून माती गळली. आठातून काकूंची सून ओरडली, "भेग वाढली!"

तेव्हा माझे पाय सुटले. मी उडी टाकून तिच्यापाशी गेलो. "मधी मारू नगंस, थांब. सिमेंट न्हाई फुटायचं. कडंचा चुना सोडवूया." छिन्नी घेतली आणि पाण्याखाली हात घालून कमानीच्या अंगची एक वीट आंधळ्यासारखी चाचपली. जुना चुना भिजून नरम आला होता. एक वीट हलली. दुसरी हलली. पाणी इतकं गढूळ की आमचे हात पण आम्हाला दिसत नव्हते. अनसा माझ्या खांद्याला खांदा लावून भिंतीला पाठ देऊन बसली होती, जणू तिच्या पाठीनं भिंत थांबणार होती.

"सरक तिकडं, पडली तर अंगावं यील."

"तुमच्या येनार न्हाई व्हय? हाणा गुमान."

तिसरी वीट निघाली आणि सिमेंटचा सगळा ठोकळा एका दमात पलीकडं गेला. पाण्याची धार सुटली. काकू देव ओच्यात घेऊन खाटेवर चढल्या होत्या. सातही घरांचं पाणी, चिखल, काड्या, कुणाची तरी पावडरीची डबी, हे सगळं त्यांच्या देवघराखालून निघालं आणि नऊ नंबरात गेलं, दहात गेलं. भिंतीचं पोट गेलं नाही, पण वाढायचं थांबलं. मी दोन तुळयांखाली टेकू लावले.

मग खराटे आले. एक नंबरकडून गाळ सरकत सरकत साताशी आला. पुढं आठ. सगळे थांबले. काकूंची सून पुढं झाली, तिनं पदर खोचला आणि दारातून येणारा गाळ ओढायला लागली. थोड्या वेळानं काकू पण खाटेवरून उतरल्या. आता तो गाळ सहा नंबरचा की साताचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी कुणी हसत नव्हतं. कांबळ्यांच्या मंडळी आपल्या घरात कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्या घरातला गाळ पाच आणि सहा नंबरच्या बायकांनी ढकलला.

भिंत वाळायला बरेच दिवस गेले. वाळल्यावर मी पोट आलेला भाग टेकूवर उतरवला आणि जुन्याच विटा लावून, चुन्यातच परत बांधला. पुराचं दार होतं तिथं होतं तसं केलं. नवी फरशी बसवायला खाच करत होतो, सात नंबरच्या बाजूनं. अनसा पाटीत चुना घेऊन शेजारी. कांबळे कचेरीतून आले. बूट बाहेर काढले. आमच्यापाशी येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, ते दार बुजवा," ते म्हणाले.

मला वाटलं चुकून म्हणाले. "साहेब?"

"आमच्या बाजूनं बुजवा. पक्कं. मला त्यांच्या घरात वाट नको, आणि त्यांची माझ्या घरात नको."

"साहेब, तुमचं मन मला कळतंय. पर भित न्हाई टिकायची. एका अंगानं पानी थांबलं की ती फुगनार. आता बगितलं न्हवं तुमी?"

"हे तुम्हाला आता कळलं?"

मी थापी खाली ठेवली.

"नाही, मी सरळ विचारतोय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही जुने गवंडी. हे दार कशासाठी आहे ते तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं?"

वहिनी आतल्या खोलीच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. मला काय म्हणता आलं असतं? नाही म्हटलं असतं तर माझं गवंडीपण गेलं असतं. हो म्हटलं असतं तर माणूसपण. मी जमिनीकडं बघत बसलो. हातातला चुना सुकून चालला होता.

अनसा बोलली. "ठाव हुतं साहेब. दोघास्नी बी ठाव हुतं. भितीला काय हुनार ते बी, आन् कशापायी बुजवत्यात ते बी. ह्यांनी विटा लावल्या, म्या पाटी उचलली. तुमच्या घरचा च्या पिऊन उचलली."

वहिनी आत गेल्या. मग कांबळ्यांनी हातानंच खूण केली, असू दे, आणि तेही आत गेले. मी खाच पुरी केली, फरशी बसवली. दार राहिलं. कांबळे त्या दिवाळीच्या आधीच घर सोडून गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत गेले. पुढं विहारात भेट व्हायची. जयभीम म्हणायचे. त्यापुढं ना ते बोलले, ना मी.

त्या दिवशी परत येताना ती पाटी डोक्यावर घेऊन पुढं चालत होती. मी मागून विचारलं, "दोघास्नी का म्हनालीस? तू तर नगं म्हनत हुतीस. भांडली हुतीस माझ्यासंगं."

तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "मंग काय, तुमास्नी एकट्याला बसवून यिऊ तितं?"

पुढं बावीस-तेवीस घरं आम्ही दोघांनी मिळून बांधली असतील. ही गोष्ट तिनं परत कधी काढली नाही. भांडणात पण नाही. तिच्या जिभेला एवढी धार, आणि हे एक हत्यार हातात असून तिनं ते कधी उपसलं नाही. मीही कधी तिला म्हटलं नाही की तुझं त्यात काही नव्हतं. म्हणू म्हणू म्हणत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात ते राहून गेलं ते गेलंच.

ओळीची निम्मी घरं आता पाडली. तिथं सिमेंटच्या इमारती आहेत. सात आणि आठ अजून उभी आहेत. कांबळे साहेब आणि वहिनी हयात आहेत का मला माहीत नाही. त्यांची मुलं असतील, हा अंक त्यांच्याकडं जाईल न जाईल. पण त्या दिवशी त्या घरात जो जबाब दिला गेला तो दुरुस्त करायचा आहे. अनसानं 'दोघास्नी' म्हटलं ते खरं नव्हतं. तिनं काकूंना तोंडावर विचारलं होतं, मला घरी विचारलं होतं, आणि तरी मी वीट लावली. पाटी तिनं उचलली ती नवरा उचलायला सांगतो म्हणून. दोघांतला एक मीच होतो, आणि दुसराही मीच.

साहेब, मला ठाऊक होतं.